परत न मिळणारी फी

मी, कवळ्या बनवणारी, वय चौसष्ट, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी विचारशक्ती शाबूत आहे. तसे प्रमाणपत्र मेंदूच्या डॉक्टरांनी दिले असून ते सोबत जोडले आहे. प्रमाणपत्र देण्यापूर्वी त्यांनी मला वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले आणि कागदावर घड्याळ काढायला सांगितले. घड्याळ पाहून ते म्हणाले, "हात छान आहे हो तुमचा." मी म्हटले, "आयुष्यभर मेणात दात कोरलेत, डॉक्टर. हात बरा आहे म्हणूनच डोक्याचं दुखणं आलं असेल." ते हसले नाहीत. त्या दिवसापासून मला धास्ती बसली आहे.

उद्या सकाळी माझ्या डोक्याचे ऑपरेशन आहे. गाठ डाव्या बाजूला आहे आणि माणूस जिथून बोलतो त्या भागाला ती खेटून बसली आहे. डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. मी उठेन आणि पूर्वीसारखी बोलेन. मी उठेन, पण शब्द सापडणार नाहीत. किंवा उठणारच नाही. मृत्युपत्र तेवढे तिसऱ्या गोष्टीसाठी असते. मला भीती वाटते ती दुसरीची.

नवी कवळी बसवली की मी गिऱ्हाइकाला "सहासष्ट" म्हणायला लावते. दात पुढे-मागे झाले असतील तर त्या शब्दात लगेच शिटी वाजते. हल्ली रोज सकाळी आरशासमोर मी स्वतःच तो म्हणते. शिटी वाजत नाही, माझे दात माझेच आहेत. पण गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरात हातातल्या वस्तूचे नाव मला आठवेना. ती वस्तू हातात धरून मी नुसती उभी. मागे भांडी विसळणारी सून वळूनही न पाहता हळूच म्हणाली, "चमचा." आणि विसळत राहिली. पुढे जे लिहिले आहे ते समजून घेण्यासाठी एवढे माहीत असणे पुरेसे आहे.

कलम १. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र मी रद्द करत आहे. ते नवरा गेल्यावर केले होते, एका पानाचे, सगळे मुलाला. तेव्हा घरात सून आलेली नव्हती आणि डोक्यात गाठही नव्हती.

कलम २. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या करसल्लागारांनी करावी. प्रत्येक उत्तराआधी ते "सावकाश घ्या" म्हणतात, म्हणून आमच्या घरात त्यांना सावकाशराव म्हणतात. हे त्यांना आज पहिल्यांदा कळेल. त्यांनी राग मानू नये. घाबरलेल्या माणसाला फार भराभर बोलणारा सल्लागार उपयोगाचा नसतो, हे मी दोनदा अनुभवले आहे. दोन्ही वेळचे पुढे येईल.

कलम ३. घर, खालचे दुकान आणि त्यातले सामान, पुढे सांगितलेल्या वस्तू सोडून, माझ्या मुलाला मिळावे. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या शिक्षणाचे पैसे मी त्याच्या हातात दिले होते, दुसऱ्या वर्षी त्याने कॉलेज सोडले आणि त्यातून मोटारसायकल आली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसाशी तो बाहेरून ज्या आवाजात बोलतो तो आवाज कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. एकदा मी त्याच्यासोबत होते. आतली बाई रडत होती, आणि हा दाराला तोंड लावून तिला तिच्या मुलांची नावे विचारत होता. तिला बाहेर काढल्यावर घरी येऊन बायकोशी मात्र एक अक्षर बोलला नाही. गेले वर्षभर ते दोघे जिन्यात समोरासमोर आले की लिफ्टमधल्या अनोळखी माणसांसारखे वर बघतात.

कलम ४. कवळ्या घासायची माझी मोठी मोटर पलीकडच्या गल्लीत दातांच्या टोप्या बनवणारीला द्यावी. तिने माझा दातांचा डॉक्टर पळवला, म्हणजे त्याचे काम पळवले, आणि तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. तिची मोटर इतकी खडखडते की तिचे काम सुरू झाले की सगळ्या गल्लीला कळते. माझी शांत चालते. मेण कोरायच्या सुऱ्या मात्र तिला देऊ नयेत. त्या मूळच्या तिच्याच आहेत असे ती सांगेल. सांगू दे.

कलम ५. मागच्या खोलीतल्या फळ्यांवर प्लॅस्टरचे ठसे आहेत, गावातल्या बऱ्याच तोंडांचे. ते कोणालाही देऊ नयेत, विकू नयेत, शोभेला ठेवू नयेत. माणसाने तोंड उघडून विश्वासाने दिलेली गोष्ट आहे ती. सगळे फोडून टाकावेत. मुलाने हे काम एकट्याने करू नये, त्याला धुळीचा त्रास होतो.

कलम ६. माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, त्याच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही कवळ्या मी बनवल्या आहेत. नवरा गेल्यावर तो म्हणाला होता, "दुकान विकून टाक, बाईमाणसाला झेपणार नाही." मी विकले नाही म्हणून तो आजवर माझ्यावर दात-ओठ खातो, आणि त्यासाठी माझेच दात वापरतो. हल्ली तो चारचौघांत सांगत फिरतो की बहिणीने परक्याच्या मुलीवर पैसा उधळला. त्याची वरची कवळी बोलताना सैल होते. घट्ट करून दे असे तो दोनदा म्हणाला. मी "बघू" म्हटले. माझ्या टेबलाच्या खणात त्याच्यासाठी नवा जोड तयार आहे, तो त्याला द्यावा. तो नीट बसेल. त्यानंतर तो जे बोलेल ते ऐकायला मी नसेन.

कलम ७. बँकेतली शिल्लक. हे कलम लांब आहे, कारण आज सकाळपासून त्यातली मोठी रक्कम बँकेत नाही. ती कुठे गेली, का गेली आणि ती माझ्या मिळकतीत का धरायची नाही, हे मी स्वतःच लिहून ठेवते. नाहीतर दादा त्याच्या पद्धतीने सांगेल.

माझी सून तपासणीच्या प्रयोगशाळेत रक्त काढण्याचे काम करते. तिला रक्त काढणारीची रक्त वाचणारी व्हायचे आहे, म्हणजे यंत्र आणि सूक्ष्मदर्शक जिथे असतात त्या आतल्या खोलीत जायचे आहे. त्यासाठी ती कामावरून सुटल्यावर कॉलेजात जाते. चार वर्षांचा अभ्यासक्रम, दोन झाली, दोन उरली. तिच्या कंपनीची शिक्षणाची योजना आहे. कर्मचाऱ्याने फी आधी स्वतःच्या खिशातून भरायची, पास झाल्यावर कंपनी त्यातला काही भाग परत देते. एका मर्यादेपर्यंत ती रक्कम पगारात धरत नाहीत, तिच्यावर कर लागत नाही. उरलेली फी मी भरायची असे आमचे ठरले.

पहिल्या वर्षी आम्ही दोघींनी गोंधळ घातला. सगळी फी मीच कॉलेजच्या खिडकीवर जाऊन भरली. पावती तिच्या नावाची. तिच्या साहेबांनी "पावती आणा" एवढेच सांगितले होते, तिने नेली. कंपनीने पैसे दिले. दुसरी कोणी ते ठेवून घेतले असते. ही संध्याकाळी येऊन म्हणाली, "आई, तुमचे पैसे तुमच्या खात्यात टाकलेत." मला फार बरे वाटले. सासूचे पैसे अंगावर ठेवायचे नाहीत अशा वळणाची मुलगी आहे, असे मी शेजारच्या घड्याळजीलाही सांगितले.

वर्षअखेरीस करखात्याच्या दोन नोटिसा आल्या, एक तिला, एक मला.

मी करसल्लागारांना घरी बोलावले. सावकाशरावांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सावकाश घ्या. कोणी कोणाची फी थेट कॉलेजला भरली तर इथला कायदा ती देणगीत मोजत नाही, तिच्यावर देणगीकर नाही. इथवर तुमचं बरोबर आहे. पण तेच पैसे हिने तुम्हाला परत केले. परत आले म्हणजे तुम्ही दिलेच नव्हते, उसने होते. त्याचा खुलासा तुम्हाला द्यावा लागेल."

"पण मी मागितले नव्हते," मी म्हटले.

"मागितले नव्हते हे खात्यावर दिसत नाही, बाई. आता हिचं. कंपनी परत देते ते हिने केलेल्या खर्चाचं. हिने खर्च केलाच नव्हता. म्हणजे जे मिळालं तो झाला पगार. त्यावर कर, आणि वर कंपनीला खुलासा."

मुलगा दारात उभा होता. म्हणाला, "म्हणजे दोघींनी मिळून सरकारला फसवलं, आणि तेही एकमेकींशी प्रामाणिक राहून."

सून हसली नाही. नोकरी जाणार अशी तिला भीती होती. शेवटी तीच उठून साहेबांकडे गेली, झाले ते सांगून आली. कंपनीने दिलेली रक्कम पुढच्या पगारांतून थोडी थोडी कापून घेतली, तिने कर भरला, मी खुलासा दिला, प्रकरण मिटले. त्यानंतर सावकाशरावांनी आम्हाला नियम घालून दिला की कंपनी जेवढी फी परत देते तेवढी तिने स्वतःच्या पगारातून भरायची, बाकीची मी थेट खिडकीवर, आणि आम्हा दोघींमध्ये पैशाची देवघेव अजिबात नाही. हा नियम आम्ही इतका मनावर घेतला की ती माझ्यासाठी औषध आणते तेव्हा मी तिच्या हातात पैसे देत नाही, फळीवर ठेवते आणि बाहेर जाते.

आता उरलेल्या दोन वर्षांविषयी. तपासणीत गाठ सापडली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा हेच आले, कारण दुसरे काही मनात येऊ द्यायचे नव्हते. मुलाला घेऊन मी सावकाशरावांकडे गेले.

ते म्हणाले, "सावकाश घ्या. तीन वाटा आहेत. मृत्युपत्रात तिच्या फीसाठी रक्कम लिहून ठेवलीत, तर ती तुमच्या मागे राहिलेल्या मिळकतीत धरली जाते. तुमच्या पश्चात मी ती कॉलेजलाच भरली तरी सवलत नाही. ती सवलत फक्त जिवंत माणसाला आहे. वारसा कर लागेल, वेळ लागेल, तोवर तिचं वर्ष सुरू होईल. दुसरी वाट, तिच्या हातात द्या. ती सरळसरळ देणगी, कर लागणार. तिसरी, दोन्ही वर्षांचा तुमचा वाटा तुम्ही हयात असताना कॉलेजला आत्ताच भरा. ते आगाऊ घेतात. मग कर नाही, मिळकतीत धरणं नाही, काही नाही."

"मग ते करू," मी म्हटले.

"ऐकून घ्या आधी. आगाऊ भरायची तर ती परत न मिळणारी हवी. विद्यार्थिनीने शिक्षण सोडलं, नापास झाली, काही झालं, तरी पैसे परत नाहीत. परत मिळायची सोय ठेवलीत की कायदा म्हणतो, तुम्ही अजून दिलेलेच नाहीत. आणि कंपनीच्या वाट्याला हात लावायचा नाही, नाहीतर पुन्हा पहिल्या वर्षासारखं."

इतका वेळ मुलगा खुर्चीच्या दांडीवरचा सैल स्क्रू बोटाने फिरवत होता. म्हणाला, "तिला पदवी मिळाली की ती दुसऱ्या शहरात जाणार. माहीत आहे ना दोघांना? कंपनीची अट आहे, पास झाल्यावर दोन वर्षं ते पाठवतील तिथे काम. आतल्या खोलीचं काम तिकडच्या मोठ्या प्रयोगशाळेत आहे, इथे नाही."

मला माहीत होते. मी ते स्वतःशी मोठ्याने म्हटले नव्हते एवढेच.

"मृत्युपत्रातच लिही," तो म्हणाला. "कर लागला तर लागू दे. या घरात नांदत असेपर्यंत तिची फी भरावी. गेली की बंद."

"अशी अट घालता येते," सावकाशराव म्हणाले. "वकिलांकडे तयार मसुदाही असतो."

"आणि ती तिसरी वाट," मुलाने विचारले, "उद्या ती हिची सून राहिली नाही, तर त्या भरलेल्या पैशांचं काय?"

"काही नाही. त्या सवलतीला नातं लागत नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याची भरली तरी चालतं."

घरी येताना तो गाडी चालवता चालवता म्हणाला, "आई, मी वाईट नाहीये. पण तू ऑपरेशनमधून उठलीस आणि तुला पाणी मागता आलं नाही, तर कळणार कोणाला? मी दिवसभर शाफ्टमध्ये लटकलेला. तिला कळतं तुझं. मला अजून तुझा अर्धा शब्दसुद्धा ओळखता येत नाही." मग वळण घेताना, "आणि पैसे तिकडे गेले तर मदतनीस ठेवायला काय उरणार?"

तो बरोबर बोलत होता. शब्द गेलेली मी, सून नाही, आणि बाई ठेवायला पुरेसे पैसे नाहीत, हे चित्र मला त्या दिवसापासून घड्याळापेक्षा चांगले काढता येते. खाटेवर पडले आहे, तहान लागली आहे, आणि कोणीतरी मोठ्या आवाजात विचारते आहे, "काय हवंय? उशी? उशी हवीय का?"

म्हणून मी वकिलांकडून मसुदा मागवला. "सदर सून या घरात माझ्या मुलाची पत्नी म्हणून नांदत असेपर्यंत." हे वाक्य माझ्याच अक्षरात मी एकदा उतरवले आहे, तो कागद पिवळ्या पाकिटात सापडेल, तो खोटा नाही, पण तो रद्द आहे.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर सून कपडे वाळत घालत होती. मी चिमटे देत होते.

"आई, त्या अटीचं मला कळलंय," ती म्हणाली. "ह्यांनी सांगितलं."

"तुम्ही बोलता एकमेकांशी?"

"भांडायला बोलतो ना." तिने चादर झटकली. "लिहून टाका तुम्ही तसं. मला चालेल."

"चालेल म्हणजे?"

"म्हणजे राहीन. अभ्यास पुरा करीन आणि नंतर त्यांना सांगेन मला बदली नको. पदवी असूनही रक्तच काढत राहीन, त्यात काय. कंपनीने दिलेले पैसे मग परत मागतील, ते हळूहळू फेडीन."

"कोणासाठी राहशील?"

"तुमच्यासाठी म्हणा. फीसाठी म्हणा. दोन वर्षांचा तुमचा वाटा मला माझ्या पगारात झेपणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. ते नसतील तर मला आत्ताच सोडावं लागेल." मग चादरीच्या पलीकडून, मला तिचा चेहरा दिसत नसताना, "तुम्ही घाबरलाय ना?"

"खूप."

"मग राहते. झालं."

तिच्या तोंडून "राहते" ऐकले आणि मला फार बरे वाटले. त्या दिवशी मी पोटभर जेवले. दादाचा फोन आला तर त्याच्याशीही गोड बोलले. दुपारी कामाला बसले आणि मेण तापवताना त्या बरे वाटण्याचीच मला भीती वाटू लागली. कवळी फार घट्ट बसली की गिऱ्हाईक पहिल्या दिवशी खूश होऊन जाते. आठवड्याने येते तेव्हा हिरडी सोलवटलेली असते. मला जर शब्द परत आले, तर रोज सकाळी मला चहा देणाऱ्या बाईकडे बघून मी काय बोलणार होते? आणि शब्द नाहीच आले, तर ती मला पाणी देईल तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय असेल ते बघायला मात्र माझे डोळे शाबूत असणार. डोळ्यांच्या बाजूला गाठ नाही.

आज सकाळी मी मुलाला म्हटले, "कॉलेजात सोड मला." त्याने कारण विचारले नाही. वाटेत दोन सिग्नल लागले, दोन्हीकडे तो माझ्याकडे बघत होता.

फीच्या खिडकीवर एक तरुण कारकून होता. त्याने कागद पुढे केला. भरणाऱ्याचे नाव, भरणाऱ्याचे विद्यार्थ्याशी नाते. मी नात्याच्या रकान्यात "सासू" लिहिले. तो म्हणाला, "ते ऐच्छिक आहे, रिकामं ठेवलंत तरी चालतं." मी म्हटले, "लिहिलंय, राहू दे." खाली छापलेले होते की विद्यार्थिनीने शिक्षण सोडल्यास, अन्यत्र गेल्यास अथवा इतर कोणत्याही कारणास्तव ही रक्कम भरणाऱ्यास किंवा त्याच्या वारसांस परत मिळणार नाही. त्याखाली माझी सही, आणि एका साक्षीदाराची.

"साक्षीदार आहे का कोणी?" कारकुनाने विचारले.

मी इकडेतिकडे पाहिले. मुलगा मागच्या बाकावर बसला होता. तो उठून आला.

"वाचून सही कर," मी म्हटले.

त्याने बोट ठेवून वाचले. "कोणत्याही कारणास्तव" हे त्याने दोनदा वाचले. "वारसांस" म्हणजे आपणच, हे त्याला कळले असावे, कारण तिथे त्याचे बोट थांबले. तो नाही म्हणाला असता तर मी तिथून परत फिरले असते, हे मी इथे लिहून ठेवते, मला उगीच शूर समजू नये. त्याने सही केली. पेन कारकुनाला परत दिले आणि म्हणाला, "हिची सही नीट आलीय का बघा."

गाडीत बसल्यावर त्याने विचारले, "आई, भीती नाही वाटली?"

"वाटली. अजून वाटतेय."

"मग का भरलेस?"

मला उत्तर द्यायचे होते आणि शब्द मिळेना. गाठीमुळे मिळेना, की त्याला शब्दच नाही, ते आता उद्यानंतर कळेल. त्यानेही घाई केली नाही. लिफ्टच्या दाराबाहेर थांबतो तसा थांबला, आणि मग गाडी सुरू केली.

तर बँकेतल्या शिल्लकीतून ही रक्कम वजा होऊन जे उरले आहे, ते माझ्या औषधपाण्याला आणि, गरज पडल्यास, दिवसाची एक मदतनीस ठेवायला वापरावे. फार दिवस पुरणार नाही. माझ्या पश्चात त्यातले काही शिल्लक राहिले तर ते मुलाचे. कॉलेजला भरलेली फी माझ्या मिळकतीत धरू नये. पावतीची प्रत सावकाशरावांकडे आहे. सुनेने माझ्या पश्चात त्यातले काहीही कोणाला "परत" करू नये. विशेषतः बँकेतून. तिच्या स्वभावाला धरून हे लिहावे लागते आहे.

कलम ८. मी उठले पण बोलू शकले नाही तर काय करावे, हे मृत्युपत्रात लिहिता येत नाही असे वकील म्हणतात, कारण तेव्हा मी मेलेली नसेन. त्यासाठी वेगळे अधिकारपत्र करून मुलाच्या नावे दिले आहे. तरी इथेही लिहिते, म्हणजे दोन ठिकाणी राहील. माझ्याशी ओरडून बोलू नये, कानाला काही झालेले नाही. माझा शब्द अडला तर मी बघेन, मी तुमच्याकडे पाहिले तरच पुरा करावा, नाहीतर थांबावे. "आईला काय कळतंय" असे माझ्या खोलीत म्हणू नये. दादाला भेटू द्यावे, पण त्याला खुर्ची देऊ नये, खुर्ची दिली की तो बसतो. पाण्याचे भांडे उजव्या हाताला ठेवावे. रात्री दिवा पूर्ण मालवू नये.

आणि या कामासाठी सुनेला दुसऱ्या शहरातून बोलावून घेऊ नये. निरोप धाडू नये, आजारपण रंगवून सांगू नये, कोणाकरवी सुचवू नये. ती आपण होऊन आली तर दार उघडावे. मुलाला सांगायचे ते एवढेच आहे, की तिला जिन्यात भेटलास तर वर बघू नकोस. ही अट नाही. ही आईची बडबड आहे, ती मला अजून करता येते आहे म्हणून करून घेते.

आत्ता हे लिहीत असताना कामावरून तिचा फोन आला. "आई, कॉलेजचा मेसेज आलाय," ती म्हणाली. तिच्या मागे प्रयोगशाळेतला आवाज. कोणीतरी कोणाला तरी मूठ घट्ट आवळायला सांगत होते. मग म्हणाली, "गच्चीवर मी कबूल केलं होतं ना. मग कशाला?"

मी म्हटले, "त्या कागदावर लिहिलंय, परत मिळणार नाही. तुझं कबूल केलेलं मात्र उलट, ते मी तुला परत केलं समज. मी धरलेलं नाही."

"म्हणजे मी जाऊ?"

"अजून दोन वर्षं आहेत. आधी पास हो."

"उद्या सकाळी मी येणार आहे," ती म्हणाली. "रजा घेतलीय. तुम्हाला आत नेईपर्यंत बसणार आहे. ती रजा बिनपगारी आहे, तेव्हा त्याचे पैसे फळीवर ठेवू नका." आणि फोन ठेवला.

कलम ९. माझ्या सुनेला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. घरात वाटा नाही, दुकानात नाही, शिल्लकीत नाही, दागिना नाही, वस्तू नाही. हे चुकून राहिलेले नाही, रागाने केलेले नाही, आणि कोणी तिला हे वाचून दाखवताना तिच्या तोंडाकडे बघू नये. तिचे माझ्याकडे काही देणे नाही. या घराचे तिच्याकडे काही मागणे नाही, मी जगले तरी नाही आणि मेले तरी नाही. तिने राहावे अशी माझी इच्छा आहे. कालही होती, आज फी भरल्यावरही आहे, आणि आत्ता भीतीने ती सगळ्यात जास्त आहे. ती इच्छा मी कलमात घातलेली नाही.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला आहे, तो माझाच आहे आणि मला मान्य आहे.

सही : कवळ्या बनवणारी

आमच्या दोघांसमोर तिने सही केली व तिच्यासमोर आणि एकमेकांसमोर आम्ही सह्या केल्या. या मृत्युपत्राने आम्हा दोघांना काही मिळत नाही.

साक्षीदार १ : शेजारचा घड्याळजी
साक्षीदार २ : डॉक्टरांकडे नावे नोंदवून घेणारी

ठिकाण : दुकानाच्या वर, पुढची खोली
दिनांक : ऑपरेशनचा आदला दिवस, मंगळवार, दुपारी